क्षमा वेगळी, विश्वास वेगळा



आपल्या समाजात कोणाच्या घरी मृत्यू झाला, तर ते घर एकटे पडत नाही. बातमी पेठेत पोहोचते, दुकानांची शटर अर्धी खाली येतात, शेजारून जेवणाचे डबे येतात, उठावण्याला लांबून माणसे येतात आणि हात जोडून चार शब्द बोलून जातात. त्याने दुःख हलके होतेच असे नाही. परंतु या घरावर आघात झाला आहे, ही गोष्ट सर्वांनी उघडपणे मान्य केलेली असते. घरातील स्त्री रडली तर तिला कोणी कारण विचारीत नाही. देणे चार दिवस लांबले तर कोणी तगादा लावीत नाही.

काही आघातांना मात्र उठावणा नसतो. आपला पती, मुलगा किंवा भाऊ, क्वचित पत्नी, वर्षानुवर्षे लैंगिक व्यसनात अडकलेली आहे हे एखाद्या दिवशी अचानक समजणे, हा त्यांपैकी एक. येथे कोणी गेलेले नसते. माणूस समोर बसून नेहमीसारखा चहा घेत असतो. तरीही घरातील कोणीतरी आतून कोसळलेले असते आणि तिला तसे म्हणण्याचीही मुभा नसते.

या सदरात आपण आजवर मृत्युपत्र, वारसनोंद, जामीनकी, भावाभावांतील वाटण्या असे विषय पाहिले. त्या निमित्ताने चौकशी करणारी माणसे हिशेबाचे बोलता बोलता कधीकधी मूळ दुखण्यावर येतात. पैशाचा प्रश्न वरचा असतो. खालचा प्रश्न वेगळाच असतो. म्हणून आज या अवघड विषयावर, शब्द जपून पण काही न टाळता, लिहीत आहे.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका घराचे नाही. अनेक घरांतील सारख्या गोष्टी एकत्र करून मांडले आहे, तेव्हा त्यात ओळखीचा चेहरा शोधू नये. तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान. पती पंचेचाळिशीचा, मितभाषी, व्यवहारात चोख, मंदिरात नियमित. पत्नी दुकानाच्या हिशेबात मदत करणारी. आयकर विवरणपत्रासाठी खात्याचा उतारा पाहताना तिला अनोळखी नावांवर वारंवार गेलेल्या छोट्या रकमा दिसतात. खरेदीसाठी झालेल्या मुंबई-सुरतच्या फेऱ्यांशी त्यांच्या तारखा जुळतात. विचारल्यावर आधी नकार, मग संताप, मग रडणे. सत्य हप्त्याहप्त्याने बाहेर येते. पैसे देऊन केलेले संबंध, पहाटेपर्यंत हातात मोबाइल, आणि हे सारे आठ वर्षांपासून. तो देवासमोर शपथ घेतो. दोन महिन्यांनी तेच पुन्हा उघडकीस येते. सासूबाई म्हणतात, “सूनबाई, घरातली गोष्ट घरात राहू दे. तुझ्या नणंदेची सोयरीक चालू आहे.” पर्युषण जवळ आलेले असते. घरातील वडीलधारे सांगतात, “मिच्छामि दुक्कडम् म्हण आणि विसरून जा.”

ही भगिनी विसरू शकत नाही, आणि विसरता येत नाही म्हणून स्वतःलाच दोष देऊ लागते. आजचा लेख प्रामुख्याने तिच्यासाठी आहे. पत्नीचे असे वर्तन सोसणाऱ्या पतीला किंवा मुलाचे सोसणाऱ्या आईवडिलांनाही त्यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

दुखण्याचे नाव

पाठशाळेत आपण सर्वांनी सप्त व्यसने पाठ केली आहेत. त्या सातांपैकी दोन, वेश्यागमन आणि परस्त्रीगमन, याच प्रकारची आहेत. म्हणजे जुगार आणि मद्याप्रमाणे कामवासनाही माणसाला व्यसनासारखी धरून ठेवू शकते, हे आपल्या परंपरेला नवीन नाही. श्रावकाच्या स्वदारसंतोष व्रताच्या अतिचारांतही ‘कामतीव्राभिनिवेश’ हा शब्द आहे: कामविषयात मन अतिशय तीव्रतेने गुंतून राहणे.

आधुनिक वैद्यकशास्त्राने या गोष्टीची नोंद सावकाश घेतली. अमेरिकेत पॅट्रिक कार्न्स यांच्या १९८३ मधील पुस्तकानंतर ‘लैंगिक व्यसन’ हा शब्द रूढ झाला. तज्ज्ञांत मतभेद राहिले आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानसूचीत त्याला स्थान दिले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या, आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात मात्र अनावर लैंगिक वर्तनाचा विकार समाविष्ट झाला. तेथेही तो व्यसनांच्या गटात नसून आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत ठेवला आहे. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ माणूस तीव्र लैंगिक आवेग आवरू शकत नाही, प्रकृती, कुटुंब आणि कामधंदा यांची हेळसांड होते, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसतात, सुख मिळेनासे झाले तरी वर्तन चालूच राहते, अशी त्याची लक्षणे सांगितली आहेत. केवळ नैतिक अपराधीपणा वाटतो एवढ्यावरून हे निदान करू नये, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, प्रत्येक विवाहबाह्य संबंध हा आजार नसतो. काही वेळा तो सरळ सरळ विश्वासघात असतो. निदान डॉक्टरांनी करावयाचे आहे, स्वतः त्या माणसाने किंवा त्याच्या आईने नव्हे. दुसरी, वागणे उतारवयात एकाएकी बदलले असेल तर वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. पार्किन्सनच्या आजारावरील काही औषधांनी, उन्मादाच्या मानसिक आजाराने किंवा मेंदूच्या पुढील भागाच्या ऱ्हासानेही असे होऊ शकते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, निदान म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. आजार समजून घेतला म्हणजे त्यातून झालेले नुकसान पुसले जात नाही. मधुमेह होणे हा कोणाचा अपराध नसतो. पण औषध घेणे हे रुग्णाचेच काम असते. येथेही उपचारांची जबाबदारी त्याचीच आहे.

ज्याला उठावणा नाही असा शोक

पत्नीला वाटते, “हा जिवंत आहे, घरी आहे, मग मी कोणासाठी रडते आहे?” अमेरिकेतील कुटुंबशास्त्राच्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी अशा शोकाचा दीर्घ अभ्यास केला आणि १९९९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या संकल्पनेला आपण संदिग्ध वियोग म्हणू. माणूस देहाने समोर असतो, पण ज्याच्याशी आपण संसार केला तो मनाने तेथे नसतो. किंवा देह नाहीसा होतो, पण मृत्यूची खात्री नसते. अशा वियोगाला निश्चित शेवट नसल्यामुळे शोकही रेंगाळतो.

या प्रसंगात वियोग दुहेरी असतो. मृत्यूने भविष्यकाळ जातो, भूतकाळ आपलाच राहतो. येथे भूतकाळही हातातून निसटतो. लग्नाच्या वाढदिवसाचा तो प्रवास, धाकट्याच्या जन्माच्या वेळचे ते दिवस, त्या वेळी हा कोठे होता, खरे काय होते, असा प्रश्न प्रत्येक आठवणीला चिकटतो. जमाखर्चाच्या आठ वर्षांच्या वह्या खोट्या निघाव्यात आणि सर्व नोंदी पुन्हा तपासाव्या लागाव्यात, तसे हे आहे. झोप उडणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, छाती धडधडणे, त्याचा फोन वाजला की अंगाला कंप सुटणे, या गोष्टी अशा आघातानंतर होतात. त्या तुमच्या मनाच्या दुबळेपणाच्या खुणा नाहीत.

या दुःखाला ‘नुकसान’ म्हणून आपल्या वहीत लिहून घेणे, ही पहिली पायरी आहे. बँकेत कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते खाते अनुत्पादक ठरते आणि बँकेला आपल्या नफ्यातून त्यासाठी तरतूद करावी लागते. कर्जदार काय म्हणतो याची वाट न पाहता बँक स्वतःच्या पुस्तकात नुकसान मान्य करते. घराचेही तसेच. त्याने पूर्ण कबुली दिली, माफी मागितली, तरच आपण रडू, असे ठरवू नये. आपला तोटा आपण आज मान्य करावा.

क्रोधाचे काय करावे

शोकाला सहानुभूती तरी मिळते. क्रोधाला आपल्या घरांत जागाच नसते. क्रोध हा कषाय आहे, तो सोडला पाहिजे, हे लहानपणापासून शिकविलेले असते, आणि ते खरेच आहे. परंतु त्याच शास्त्राने क्रोधाच्या चार पायऱ्याही सांगितल्या आहेत: दगडावरची रेघ, जमिनीवरची रेघ, धुळीतली रेघ आणि पाण्यावरची रेघ. पाण्यावरच्या रेघेइतका क्षणिक क्रोध ही मुनींची पायरी मानली आहे. अणुव्रती श्रावकाची धुळीतल्या रेघेची. ज्या स्त्रीचा संसार काल उघडा पडला, तिने आज संध्याकाळपर्यंत पाण्यावरच्या रेघेसारखे व्हावे, असा आग्रह धरणारे वडीलधारे शास्त्र सांगत नसतात. आपल्या घरातील अस्वस्थता लवकर मिटावी एवढीच त्यांची इच्छा असते.

क्रोध या प्रसंगी एक माहिती देत असतो. मर्यादा मोडली गेली, फसवणूक झाली, माझी प्रकृती धोक्यात घातली गेली, हे तो सांगतो. ती माहिती घ्यावी. पण घराची सूत्रे त्याच्या हाती देऊ नयेत. काही साधे नियम उपयोगी पडतात. रात्री दहानंतर या विषयावर बोलू नये. थकलेल्या मनाने झालेले भांडण कोठेच पोहोचत नाही. मोठे निर्णय पहिल्या काही आठवड्यांत घेऊ नयेत. अपवाद फक्त सुरक्षिततेचा, प्रकृतीचा आणि पैशाच्या संरक्षणाचा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक अक्षरही टाकू नये. तेथे गेलेला शब्द परत येत नाही. मनातले सगळे एका वहीत लिहावे. आणि एक, फार तर दोन, विश्वासू माणसे निवडून त्यांना सत्य सांगावे. सर्वांना सांगणे जितके हानिकारक, तितकेच कोणालाच न सांगणे.

प्रश्न विचारण्यालाही मर्यादा असावी. प्रकृती, पैसा, मुले आणि सुरक्षितता यांच्याशी संबंधित प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. परंतु ती कशी दिसत होती, काय बोलली, असे तपशील मागितले तर ते चित्र होऊन मनात बसतात आणि वर्षानुवर्षे काढता येत नाहीत. शक्य असेल तेव्हा ही कबुली समुपदेशकासमोर, एकदा आणि संपूर्ण व्हावी. हप्त्याहप्त्याने येणारे सत्य प्रत्येक वेळी नवी जखम करते.

याच क्रोधाचे एक रूप पाळतीचे असते. फोन तपासणे, खिसे चाचपणे, दुकानातील मुलाला मागे पाठविणे. सुरुवातीला हे होणारच. तथापि काही महिन्यांनी लक्षात येते की, पहारेकरी आणि कैदी दोघेही तुरुंगातच असतात. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये अमेरिकेत अल-अनॉन ही संघटना स्थापन झाली. तेथे नातेवाइकांना शिकविले जाते की, हे व्यसन तुम्ही निर्माण केलेले नाही, तुम्ही ते ताब्यात ठेवू शकत नाही आणि तुम्ही ते बरेही करू शकत नाही. यातील पहिले वाक्य आपल्या घरांतील प्रत्येक सुनेला मोठ्याने सांगण्याची गरज आहे. “तू त्याच्याकडे लक्ष दिले नाहीस,” “तू जाड झालीस,” “तू उपवास फार करतेस,” असली वाक्ये अन्यायाची आहेत. “हे तुझेच पूर्वकर्म” हे वाक्य तर अधिकच. जीव स्वतःच्या कर्माचा स्वतः कर्ता आहे, ही आपली शिकवण असेल, तर त्याने केलेल्या कृतीचा बंध त्याच्या खात्यावर जातो. पत्नीच्या खात्यावर तो वर्ग करता येत नाही.

तीन वेगळे निर्णय

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कुटुंब जेव्हा म्हणते, “क्षमा कर,” तेव्हा त्या एका शब्दात तीन मागण्या असतात. मनातील वैर सोड, ही पहिली. त्याच्यावर पूर्वीसारखा विश्वास ठेव, ही दुसरी. आणि पूर्वीसारखा सहवास चालू ठेव, ही तिसरी. या तीन गोष्टी एक नाहीत. त्यांचे निर्णय वेगळे आहेत, त्यांना लागणारा काळ वेगळा आहे आणि एकीला होकार दिला म्हणून दुसरीला होकार दिला असे होत नाही.

आपण व्यापारी माणसे आहोत. पेढीवरचे उदाहरण पाहा. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाने मोठी उधारी बुडविली. काही वर्षांनी आपण मनाने ती सोडून देतो, कोर्टात जात नाही, समोर आला तर जय जिनेंद्र करतो. ही क्षमा झाली. पण तोच पुन्हा माल न्यायला आला, तर आपण म्हणतो, “शेठ, रोखीने घ्या.” यात कोणाला वैर दिसत नाही. पत गेली होती. ती व्यवहारातून पुन्हा उभी राहावी लागते, एवढेच. बँकेतही थकीत कर्ज पुस्तकातून निर्लेखित केले म्हणजे ते माफ झाले असे नसते. कर्जदाराची देणेदारी कायम राहते. आणि अनुत्पादक झालेले खाते, थकलेले सर्व मुद्दल व व्याज भरल्याखेरीज पुन्हा नियमित वर्गात घेता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. एखादा हप्ता भरून भागत नाही.

घरात हा नियम लावावयाचा तर शपथ, उपवास, रडणे यांना हप्ता समजू नये. हप्ता म्हणजे वर्तन: मानसोपचारतज्ज्ञाकडे नियमित जाणे, समुपदेशन मध्येच न सोडणे, सोबत नैराश्य किंवा मद्य असेल तर त्याचाही उपचार घेणे, पैशाचा हिशेब न मागता दाखविणे, आणि पाय घसरला तर पकडले जाण्यापूर्वी स्वतः सांगणे. असे वर्तन महिनोन्महिने टिकले तर विश्वास हळूहळू परततो. टिकले नाही, तर पत्नीने मनाने क्षमा करूनही वेगळे राहण्याचा निर्णय घेणे धर्मविरुद्ध ठरत नाही. आणि सहवासाबाबत एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगतो. तपासण्या पूर्ण होईपर्यंत आणि तिचे मन तयार होईपर्यंत शरीरसंबंधास नकार देण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. त्यासाठी कोणी तिला व्यसनाचे कारण ठरवू नये.

संवत्सरीला किंवा क्षमावाणीच्या दिवशी हात जोडताना तिने मनातील वैर सोडण्याचा प्रयत्न जरूर करावा. तो तिच्या स्वतःच्या शांतीसाठी आहे. त्या हात जोडण्यावर बाकीच्या दोन होकारांची सही घेऊ नये.

आधी करावयाची कामे

पहिले काम प्रकृतीचे. पतीपत्नी दोघांनीही एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी करून घ्यावी. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व तपासणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय असते. नवा संसर्ग सुरुवातीच्या काही आठवड्यांत तपासणीत दिसेलच असे नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासावे.

दुसरे काम मनाच्या उपचारांचे, आणि तेही दोघांचे, वेगवेगळे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. गावात बोभाटा होईल या भीतीने डॉक्टर टाळू नये. पती किंवा पत्नी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करीत असेल, तर ती धमकी म्हणून उडवून लावू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि तातडीने डॉक्टरांची मदत घ्यावी. मात्र त्या भीतीपोटी सगळे पुन्हा झाकून टाकणे हा उपाय नव्हे.

तिसरे काम पैशाचे. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीच्या संयुक्त खात्यातून दोघांपैकी कोणीही एकटा पैसे काढू शकतो. वाद असल्यास एका खातेदाराने लेखी कळविले, तर बँक त्यापुढे दोघांच्या सहीनेच व्यवहार करू देते. संयुक्त मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडताना सामान्यतः दोघांच्याही सह्या लागतात. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या जामीनपत्रावर सही करू नये. आपल्या नावावर नकळत कर्ज काढलेले नाही ना, हे पाहण्यासाठी प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत अहवाल मिळतो. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तिचे दागिने गहाण ठेवून जुनी देणी भागविणे तिच्यावर बंधनकारक नाही. अश्लील चित्रफितीच्या धमकीने कोणी पैसे उकळत असेल, तर पैसे देत राहिल्याने मागणी थांबत नाही, वाढते. अशा वेळी १९३० या सायबर गुन्हे क्रमांकावर त्वरित कळवावे.

चौथे काम कायद्याची माहिती. मारहाण, जबरदस्ती किंवा पैशाची कोंडी होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने पत्नीला संरक्षण आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. आणि या साऱ्या प्रकारात अठरा वर्षांखालील मुलामुलीला धोका पोहोचला असेल, तर तेथे घराण्याची अब्रू, क्षमा, आजार हे सर्व विचार संपतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती गोष्ट पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे.

मुलांना तपशील सांगू नयेत; पण खोटेही सांगू नये. “बाबांची तब्येत ठीक नाही, आम्ही दोघे डॉक्टरांची मदत घेत आहोत, आणि यात तुमचा काही दोष नाही,” एवढे लहान मुलांना पुरते. त्यांना हेर बनवू नये, निरोप्या बनवू नये.

वडीलधाऱ्यांसाठी

आईवडिलांचे दुःखही खरे आहे. आपण वाढविलेला मुलगा असा निघाला, हे पचविणे सोपे नाही. त्यांनीही रडावे, समुपदेशकाकडे जावे. परंतु दोन गोष्टी त्यांनी करू नयेत. अविवाहित मुलाविषयी “लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल,” हा विचार सोडावा. विवाह हे औषध नाही, आणि दुसऱ्याच्या मुलीवर प्रयोग करण्याचा आपल्याला अधिकार नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून घेतलेली संमती हे त्या कायद्यात विवाह रद्द करून मागण्याचे कारण होऊ शकते. कायद्याच्याही आधी हा प्रश्न अचौर्याचा आणि सत्याचा आहे. दुसरी गोष्ट, मुलाची देणी गुपचूप फेडून, त्याच्या फेऱ्यांना खोटी कारणे देऊन त्याला सांभाळू नये. त्यामुळे पुत्रप्रेम दिसते, पण व्यसनाला भांडवल पुरते.

त्या मुलाविषयी, पतीविषयी द्वेष नसावा. लाज आणि गुप्तता यांवरच हे व्यसन पोसते. ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येते असे एक माणूस त्यालाही लागते. त्याच्यावर उपचार होऊ शकतात आणि पुष्कळ माणसे सावरतात. पण त्याची करुणा करताना तिच्या तोंडावर हात ठेवावा लागत असेल, तर ती करुणा राहिली नाही.

घरातील सुनेने किंवा माहेरी आलेल्या लेकीने कधी असे काही सांगितले, तर “आता लोक काय म्हणतील” हा प्रश्न आधी विचारू नका. तिला विचारा, “जेवलीस का, झोप लागते का, आणि उद्या डॉक्टरांकडे मी बरोबर येऊ का?”